वॉर्डात नव्याने रुजू होताय? संसर्ग रोखण्याचं काम कुठून सुरू करायचं

न्यूमोनियासाठी दाखल झालेला रुग्ण बरा होत येतो, डिस्चार्जची भाषा सुरू होते आणि त्याच संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरतो. छाती साफ आहे, पण लघवीच्या नळीतून जंतू वर चढलेत. हा दुसरा आजार त्याने येताना आणला नव्हता. दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर सुरू झालेला आणि येताना अंगात नसलेला संसर्ग हा रुग्णालयातला संसर्ग धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७ जणांना, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना असा निदान एक संसर्ग होतो. ज्यांना होतो, त्यांतला सरासरी दहातला एक दगावतो.

हे मार्गदर्शन नव्या सिस्टर-ब्रदर्ससाठी, इंटर्नसाठी, टेक्निशियन आणि वॉर्डात मदतीला असणाऱ्यांसाठी आहे. संसर्ग नियंत्रणाची पुस्तकं जाडजूड असतात आणि पहिल्या आठवड्यात ती वाचायला कुणाला सवड नसते. म्हणून काय आधी शिकायचं, त्या क्रमाने लिहितोय. तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल कुठे वेगळा असेल, तर तिथे तोच पाळायचा.

सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. जंतू एका बेडवरून दुसऱ्या बेडवर आपले आपण जात नाहीत. त्यांना हात लागतो, नळी लागते, सुई लागते, ओलं फडकं लागतं, कधी हवा लागते. त्यामुळे कुठलंही काम करताना तीन प्रश्न विचारायचे: जंतू कुठे असेल, कशावर बसून जाईल आणि शरीरात कुठून शिरेल? या तीनपैकी एक जागा अडवली तरी काम होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे याच जागा अडवायच्या पद्धती आहेत.

पायरी १: रुजू होण्याआधी स्वतःकडे बघा

हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या; १० (mIU/mL) किंवा त्याहून जास्त आली म्हणजे संरक्षण तयार झालं. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. लोक घाबरतात मात्र उलट क्रमाने. गोवर आणि कांजिण्या होऊन गेल्यात का किंवा त्यांची लस झाली आहे का, तेही पाहून ठेवा.

नखं कापलेली, कृत्रिम नखं नकोत, अंगठी-बांगडी-घड्याळ काढलेलं, बाह्या कोपराच्या वर. घड्याळाच्या पट्ट्याखाली हँडरब (हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) पोचत नाही, एवढं साधं कारण आहे. हातावर चीर किंवा जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. ताप-खोकला किंवा जुलाब होत असतील तर वरिष्ठांना कळवून घरी थांबा. ‘तरीही ड्यूटीवर आलो’ याचं कौतुक करायची सवय अनेक ठिकाणी आहे. वॉर्डातल्या अशक्त रुग्णाला ते कौतुक महागात पडतं.

पायरी २: हात

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या विभागात एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य झाला नव्हता. म्हणजे हाताचं महत्त्व कळून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली आणि आजही ऑडिटमध्ये याच मुद्द्यावर वॉर्ड नापास होतात. लोकांना हात कसे धुवायचे ते माहीत असतं. नेमकं कधी, ते कामाच्या गर्दीत सुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी घालणं अशा निर्जंतुक कामाआधी, रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाला न शिवता फक्त त्याच्या बेडला, लॉकरला किंवा मॉनिटरला हात लावला असेल तेव्हाही. पाठांतर करून हे अंगवळणी पडत नाही, म्हणून एक काम पायरीपायरीने पाहू.

तुम्ही एका बेडपाशी गेलात. हँडरब लावलं, बीपी घेतलं. मग युरोबॅग (लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी) रिकामी करायची आहे: ग्लोव्हज घातले, बॅग रिकामी केली, ग्लोव्हज काढले, हँडरब. आता त्याच रुग्णाला आयव्ही, म्हणजे शिरेतून, इंजेक्शन द्यायचंय. मघाच्या हँडरबनंतर मध्ये कशालाच हात लागला नसेल तर तेच पुरेसं आहे. पण इंजेक्शनची ट्रॉली ओढली, पडदा सरकवला, चष्मा वर केला, तर पुन्हा लावायचं. इंजेक्शन दिलं, चादर नीट केली, निघताना पुन्हा हँडरब. इथे बहुतेकांची गल्लत होते ती मधल्या टप्प्यात. रुग्ण एकच आहे म्हणून युरोबॅगवरून थेट कॅन्युलावर (औषधासाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीवर) हात जातो आणि त्या रुग्णाचेच आतड्यातले जंतू त्याच्याच रक्तात पोचतात. ‘एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे’ हे सगळ्यांच्या ध्यानात राहतं. एकाच शरीरातल्या घाणेरड्या जागेवरून स्वच्छ जागेकडे होणारा प्रवास विसरला जातो.

हँडरबमध्ये ६० ते ८० टक्के अल्कोहोल हवं. तळहाताच्या खोलगट भागात भरेल इतकं घ्यायचं आणि २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळायचं. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मिटलेल्या बोटांची पाठ, दोन्ही अंगठे आणि शेवटी बोटांची टोकं. अंगठा आणि टोकं सर्वांत जास्त सुटतात, आणि काम करताना रुग्णाला सर्वांत आधी लागतात ती तीच. ओले हात झटकून पुढे जाऊ नका. सुकेपर्यंतचा वेळच जंतू मारतो.

साबण-पाणी कधी? हात डोळ्यांना दिसेल इतके मळले असतील, रक्त लागलं असेल, शौचालयातून आला असाल तेव्हा. आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलमुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत, कारण त्या जंतूची बीजं अल्कोहोलने मरत नाहीत, ती धुऊनच काढावी लागतात. नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांतही साबणच बरा. साबणाने ४० ते ६० सेकंद, मग एकदाच वापरायच्या कागदी किंवा कापडी टॉवेलने पुसायचं आणि त्याच टॉवेलने नळ बंद करायचा. बेसिनजवळ दिवसभर लटकणारा सर्वांचा मिळून एक टॉवेल दिसला तर तो काढून टाका. प्रत्येक वेळी साबण आणि लगेच वर हँडरब असं मात्र करू नका. कातडी फाटते, चुरचुरते आणि मग माणूस दोन्ही टाळायला लागतो. ड्यूटी संपल्यावर हाताला मॉइश्चरायझर लावणं हाही याच कामाचा भाग समजा.

पायरी ३: ग्लोव्हज, मास्क, गाऊन

माझं मत थोडं कडू वाटेल: ग्लोव्हजचा अतिवापर हा नव्या लोकांचा सर्वांत मोठा दोष आहे. ग्लोव्हज घातले की आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, आणि तुम्ही बऱ्यापैकी असताही. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर चार बेडना शिवून आलेले ग्लोव्हज आणि चार बेडना शिवून आलेला उघडा हात यांत काही फरक नाही. उलट उघड्या हाताला चिकट लागलं की माणूस धुतो. ग्लोव्हजला काही कळत नाही.

रक्त, शरीरातले इतर द्रव, तोंड-नाकाची आतली त्वचा, उघडी जखम यांना हात लागणार असेल तेव्हा ग्लोव्हज घाला. नाडी बघायला, जेवणाचं ताट द्यायला, फाईल लिहायला, फोन उचलायला नको. रुग्ण बदलला की ग्लोव्हज बदलायचे, त्याच रुग्णावर मळकं काम झाल्यावर स्वच्छ काम करायचं असेल तरी बदलायचे. ग्लोव्हजवर हँडरब चोळून तेच पुढे वापरायचे नाहीत. काढल्यावर हात स्वच्छ करायचेच, कारण ग्लोव्हजला न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागते.

पूर्ण पोशाख घालायचा असेल तेव्हा क्रम असा: हात स्वच्छ, गाऊन, मास्क, चष्मा किंवा फेसशील्ड, शेवटी ग्लोव्हज, त्यांचं तोंड गाऊनच्या बाहीवर. काढताना आधी ग्लोव्हज, मग चष्मा, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, शेवटी मास्क. मास्क काढताना पुढच्या भागाला हात न लावता दोऱ्या धरायच्या. मध्ये कुठेही हात बरबटल्यासारखे वाटले तर तिथेच हँडरब, आणि शेवटी तर लावायचंच. घालताना कुणी गडबडत नाही. थकलेल्या शिफ्टच्या शेवटी काढताना घाई होते आणि संसर्ग तिथे होतो, म्हणून काढण्याचा सराव जास्त करा, शक्यतो कुणीतरी समोर उभं राहून बघत असताना.

एन ९५ मास्क (हवेतले बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा) प्रत्येक वेळी घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडून बघा. कडेने हवा सुटली तर पट्टे आणि नाकाची पट्टी पुन्हा बसवा. दाढीवर हा मास्क नीट बसत नाही. हनुवटीखाली ओढलेला मास्क परत वर चढवू नका, नवा घ्या.

पायरी ४: कोणता रुग्ण कुठे

इथे रिपोर्टची वाट पाहायची नसते, लक्षणांवरून ठरवायचं असतं. ताप आणि खोकला असेल तर आधी रुग्णालाच मास्क द्या आणि गर्दीतून बाजूला बसवा. क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून दूरवर पसरतात: दार बंद राहील अशी स्वतंत्र खोली, हवा आत ओढून बाहेर टाकणारी व्यवस्था, ताशी १२ वेळा हवा बदलेल अशी असेल तर उत्तम, नसेल तर निदान बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्या उघड्या आणि वॉर्डाकडचं दार बंद. आत जाताना एन ९५. फ्लू, डांग्या खोकला यांसाठी साधा सर्जिकल मास्क आणि अंतर. दोन बेडमध्ये किमान १ मीटर हवंच. एमआरएसए (नेहमीच्या अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा एक जंतू), औषधांना दाद न देणारे इतर जंतू, जुलाब, वाहणारी जखम यांत गाऊन आणि ग्लोव्हज, आणि त्या रुग्णासाठी वेगळा बीपी कफ, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा थर्मामीटर. खोल्या कमी असतील तर एकाच जंतूचे रुग्ण एका बाजूला ठेवतात.

पायरी ५: नळ्या

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. कातडी शरीराच्या तटबंदीचं काम करते. कॅन्युला, सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी), लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या तटाला आपण स्वतः पाडलेलं भगदाड. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या हँडओव्हरमध्ये एक प्रश्न ठरलेला असू द्या: ही नळी आज का आहे? उत्तर ‘काल होती म्हणून’ असं आलं तर राऊंडला ती काढायचा विषय काढायचा.

लघवीच्या नळीबाबत हे सगळ्यात खरं आहे. नळी असताना लघवीत जंतू आढळण्याची शक्यता रोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे उत्तम काळजी घेऊनही दिवस वाढले की हरायचंच, त्यामुळे दिवस कमी करणं हाच खरा उपाय. रुग्णाला उठवायचा त्रास नको, चादर ओली व्हायला नको, ही नळी ठेवायची कारणं नाहीत. ठेवलीच तर बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. स्ट्रेचरवर नेताना बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवली की साठलेली लघवी उलटी आत जाते. एक्स-रेला नेताना हे हमखास घडतं. नळी आणि बॅगचा जोड उगाच सोडू नका, नमुना हवा असेल तर नळीवरच्या ठरावीक जागेतून सिरिंजने घ्या. बॅग रिकामी करायचं भांडं प्रत्येक रुग्णाचं वेगळं, आणि बॅगेची तोटी भांड्याला टेकवायची नाही. एकच भांडं घेऊन रांगेने सगळ्या बॅगा रिकाम्या करत जाणं म्हणजे संपूर्ण वॉर्डाला एकाच जंतूची वाटणी करणं.

हातातली कॅन्युला प्रत्येक शिफ्टला उघड्या डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा: लाली, सूज, कडक झालेली शीर, दुखणं. यांतलं काही दिसलं तर काढायची. तातडीच्या वेळी घाईत घातलेली कॅन्युला परिस्थिती निवळली की बदलून टाका. औषध देण्याआधी कॅन्युलाचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने घासा, किमान १५ सेकंद, आणि सुकू द्या. स्वॅब नुसता टेकवून औषध ढकलणं ही जवळजवळ सार्वत्रिक खोड आहे.

सेंट्रल लाईन घालताना हात स्वच्छ करणं, टोपी-मास्क-निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज आणि रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारी मोठी निर्जंतुक चादर, अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी स्वच्छ करून पूर्ण सुकू देणं, शक्यतो मांडीची शीर टाळणं आणि गरज संपली की त्याच दिवशी काढणं, एवढ्या पाच गोष्टी आहेत. अमेरिकेतले डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यांचीच चेकलिस्ट केली. मग मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंत ती वापरली. तीन महिन्यांत रक्तातल्या संसर्गाचं मध्यक प्रमाण (सगळ्या आयसीयूंच्या आकड्यांतला मधला आकडा) हजार लाईन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाईन म्हणजे एक लाईन-दिवस) २.७ वरून शून्यावर आलं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या यादीत एकही नवी गोष्ट नव्हती. नवी होती ती सिस्टरला दिलेली परवानगी: पायरी चुकली तर काम थांबवायचं, समोर कितीही मोठे डॉक्टर असले तरी. नव्या माणसाला खरी अडचण इथेच येते. सरांनी ग्लोव्हज घातलेल्या हाताने आपला चष्मा सारला, हे तुम्हाला दिसलं. आता बोलायचं कसं? दोष दाखवणारं वाक्य टाळा, हातात वस्तू द्या. ‘सर, ग्लोव्हज बदलायचे का? हे घ्या नवे,’ असं म्हणत पाकीट उघडून पुढे करा. बहुतेक जण निमूट बदलतात. नाही बदलले तर ‘सर, निर्जंतुकपणा गेलाय, थांबूया,’ इतकं एकदा स्पष्ट म्हणा, आणि तरीही काम पुढे गेलं तर इन्चार्ज सिस्टरना सांगा. जिथे हे बोलणं चालत नाही तिथे चेकलिस्ट हा फाईलमधला कागद उरतो.

लाईनवरचं पारदर्शक ड्रेसिंग साधारण सात दिवसांनी आणि गॉजचं दोन दिवसांनी बदलतात. ओलं झालं, सुटलं किंवा मळलं तर लगेच. रक्त किंवा चरबीयुक्त सलाईन दिलेला सेट २४ तासांच्या आत बदलायचा.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा, डॉक्टरांची मनाई नसेल तर. दात ब्रशने घासा. नळ्यांमध्ये साठलेलं पाणी रुग्णाकडे न जाऊ देता बाहेर काढा. नळ्यांचा संच तारखेनुसार बदलत बसायची गरज नाही, मळला किंवा बिघडला तरच बदला. आणि गुंगीचं औषध कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे रोज पाहिलं जातंय ना, एवढं राऊंडला विचारा.

पायरी ६: सुई

एक सुई, एक सिरिंज, एक रुग्ण, एकदाच. सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तरी चालत नाही, कारण रक्ताचे अंश सिरिंजमध्येही शिरतात. इन्सुलिन पेनलाही हेच लागू: सुई नवी लावली तरी पेन दुसऱ्या रुग्णाला वापरायचं नाही. अनेक डोसच्या बाटलीत प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, आधी रबरी बूच अल्कोहोलने पुसून. बाटलीवर उघडल्याची तारीख. बुचात सुई खोचून ठेवणं पूर्ण बंद.

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका. शार्प्सचा (सुया, ब्लेड अशा टोकदार वस्तू टाकायचा) डबा हाताच्या अंतरावर आणून ठेवूनच इंजेक्शन द्या, म्हणजे सुई हातात घेऊन वॉर्डभर फिरावं लागत नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करून नवा आणा. वरून दाबून जागा करू नका. बाकीच्या कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग ठिकाणाप्रमाणे वेगळे असतात. तुमच्या वॉर्डातला तक्ता पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये टिपून घ्या.

सुई टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट चोळू नका. डोळ्यात रक्त उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. मग लगेच कळवा, शिफ्ट संपेपर्यंत थांबू नका. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत, आणि २८ दिवस घ्यायची असतात. रागावतील म्हणून लपवणारे पुष्कळ असतात. तुम्ही लपवू नका. नोंद नसेल तर पुढे काही झालं तेव्हा ते कामावर झालं हे सिद्धही करता येत नाही.

पायरी ७: सफाई आणि उपकरणं

सफाई म्हणजे फक्त मावशी-मामांचं काम, हा समज सोडून द्या. फरशीपेक्षा महत्त्वाच्या जागा हाताला लागणाऱ्या आहेत: बेडचा कठडा, कॉल बेल, सलाईनचा स्टँड, इन्फ्युजन पंपाची बटणं, मॉनिटर, दाराची मूठ, कीबोर्ड आणि तुमचा स्वतःचा मोबाईल. फरशीला रुग्ण क्वचित शिवतो, कठड्याला दिवसभर.

क्रम लक्षात ठेवा: स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे, वरून खाली, शौचालय शेवटी. कोरडा झाडू वॉर्डात नको, धूळ उडते आणि तिच्यासोबत जंतूही. ओला मॉप वापरा. आधी डिटर्जंटने मळ काढा, मग जंतुनाशक. रक्त आणि मळ क्लोरिनला निकामी करतात, त्यामुळे घाणीवर नुसतं औषध ओतून भागत नाही. जंतुनाशक लावलेली जागा डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकी ओली राहायला हवी. लगेच कोरड्या फडक्याने पुसली तर ते केवळ पाणी फिरवल्यासारखं होतं. हायपोक्लोराइटचं (क्लोरिनयुक्त जंतुनाशकाचं) द्रावण रोज ताजं करा आणि ते ॲसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. वापरायच्या बादलीत मळकं फडकं पुन्हा बुडवू नका.

रक्त सांडलं तर ग्लोव्हज घाला, शोषणारा कागद किंवा कापड टाकून रक्त टिपून घ्या, मग १ टक्का हायपोक्लोराइट १० मिनिटं ठेवा, नंतर पुसून काढा. काच फुटली असेल तर हाताने उचलू नका, चिमटा घ्या.

खोलीभर औषधाचे फवारे मारणं बघायला भारी वाटतं, पण फडक्याने घासून पुसण्याची जागा ते घेत नाही, आणि माणसांवर फवारणं तर सरळ अपायकारक आहे.

उपकरणांचा हिशेब सोपा आहे. कातडी भेदून किंवा रक्तात जाणारं उपकरण निर्जंतुक हवं. एंडोस्कोपसारखं आतल्या ओल्या त्वचेला लागणारं असेल तर निदान उच्च पातळीची जंतुनाशक प्रक्रिया (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन). स्टेथोस्कोप किंवा बीपी कफसारखं नुसत्या धड कातडीला लागणारं असेल तर पुसून चालतं, पण प्रत्येक रुग्णानंतर. कुठलंही उपकरण धुतल्याशिवाय ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जाता कामा नये. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही. आणि पॅकवरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ पॅक उष्णतेतून गेला, एवढाच. आतलं सामान निर्जंतुक झालं याची ती हमी देत नाही. पॅक ओला आला, फाटला किंवा जमिनीवर पडला तर तो उघडू नका, परत पाठवा.

पायरी ८: नमुना, अँटिबायोटिक आणि शंका

ताप आला की रक्ताचं किंवा लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या, पण रुग्ण गंभीर असेल तर नमुन्यासाठी औषध अडवू नका. शस्त्रक्रियेआधीचा अँटिबायोटिकचा डोस चिरा देण्यापूर्वी दोन तासांच्या आत, बहुतेक औषधांच्या बाबतीत तासाभरात द्यायचा असतो. शस्त्रक्रिया झाल्यावर ‘जपून असावं’ म्हणून तो दिवसेंदिवस चालू ठेवण्याने जखम वाचत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात. केस काढायची गरजच असेल तर क्लिपरने. रेझरने कातडीवर बारीक ओरखडे पडतात.

आता शंका. एकाच वॉर्डात थोड्या दिवसांत दोन-तीन रुग्णांच्या रिपोर्टमध्ये तोच जंतू आला, एकाच ऑपरेशननंतरच्या जखमा पिकू लागल्या, किंवा रुग्ण आणि कर्मचारी दोघांनाही जुलाब सुरू झाले, तर खात्री होण्याची वाट न पाहता संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरना फोन करा. फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: प्रत्येकाचा बेड नंबर, आधी कुठल्या बेडवर होते, दाखल झाल्याची तारीख, लक्षणं कधी सुरू झाली, कोणत्या नळ्या कोणत्या तारखेपासून, ऑपरेशन कोणत्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), अँटिबायोटिक कोणतं. ते लोक येऊन हेच सगळं आधी विचारतात. ते येईपर्यंत त्या रुग्णांना दुसऱ्या वॉर्डात हलवू नका, आणि त्या रुग्णांसाठी वापरलेली औषधाची बाटली, सलाईनचा बॅच किंवा सक्शनचं भांडं फेकून देऊ नका, वेगळं काढून नाव-तारीख लिहून ठेवा. तपासणी बहुतेकदा तिथूनच सुरू होते.